पडद्याची मागली बाजू

सोसायटीच्या विहिरीवर त्या साली रांग लागायची ती घागरींची. माणसं लिंबाच्या सावलीला बसायची आणि घागरी उन्हात उभ्या राहायच्या. केसर कप्पीवरचा दोर ओढायची, पोहरा घागरीत उपडा करायची आणि पुढच्या घागरीकडे वळायची. घागर कुणाची आहे हे बघायला ती मान वर करत नसे. म्हणून तर विहिरीच्या लोखंडी जाळीची किल्ली वाघबोरीच्या सोसायटीनं तिच्याकडे दिली होती. बौद्धवाड्यातल्या बाया आणि पाटील आळीतल्या बाया एकाच दोराचं पाणी नेतात, हे वाघबोरीनं बहात्तरच्या दुष्काळातच पहिल्यांदा पाहिलं. तहानेपुढं कुणाचंच काही चालत नव्हतं.

केसरचा नवरा शहादेव आणि धाकटा दीर निवृत्ती ऊसतोडीला गेले होते. एरवी कोयता म्हणजे तोडीवरची जोडी नवरा-बायकोची; त्या साली दोघा भावांनी मिळून धरला. केसरला विहीर सोडता येत नव्हती आणि निवृत्तीची बायको छबू दिवाळीतच मुदतीच्या तापातून उठली होती. ही छबू केसरची नुसती जाऊ नव्हती, पाठची बहीण होती. आई गेली तेव्हा छबू नुकती बोलायला लागली होती. तिला केसरनं वाढवलं, तिचं न्हाणं-धुणं केलं आणि स्वतःच्याच घरात दिराला देऊन डोळ्यांपुढं ठेवलं. गाडीत बसताना निवृत्ती म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या हवाली करून चाललोय. जशी ठिवलीय तशी मला माघारी द्या."

"जा रे," केसर म्हणाली होती. "माझी बहीन हाय ती. तू कोण मला सांगनार?"

माघ सरता सरता गावात तंबू टॉकीज आलं. दुष्काळात पिक्चर कोण बघणार, असं चेअरमन सुंदररावांना वाटलं होतं. पण तळ्यातला गाळ काढायच्या सरकारी कामावर चार गावची माणसं होती आणि दिवेलागणीनंतर त्यांना करायला काही नव्हतं. तंबू उभारायला सपाट जागा एकच होती, ती म्हणजे गावतळ्याचा तळ. एरवी जिथं म्हशी पोहायच्या तिथं खुंट्या ठोकल्या. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मशीनवाला बंकट जीपवर भोंगा बांधून गावातून फिरला आणि भोंग्यातून आधी आलं ते जलतरंग.

केसरच्या हातातला दोर थांबला.

तो पिक्चर तिनं पाहिला होता. लग्नाआधी, नारायणगडाच्या जत्रेत, आईबरोबर. तळ्याखालच्या राज्यातली राणी बीन वाजवणाऱ्या राजपुत्रावर भाळते आणि वर येते. अट अशी की तिची वेणी ओली आहे तोवरच तिला जमिनीवर राहता येईल. राजपुत्र घड्यांमागून घडे आणतो, तिची वेणी भिजवत राहतो आणि शेवटी एक दिवस उशीर करतो. मग ती तळ्याच्या पायऱ्या उतरत जाते, तेव्हाचं ते गाणं. आधी वाट्यांवर टपटपणारं जलतरंग, मग बाईचा नुसता सूर, शब्दांवाचून, आणि बऱ्याच वेळानं शब्द. रेडिओ सिलोनवर ते लागलं की हॉटेलातली माणसं कपबशी हातात धरून बसायची. जत्रेतल्या त्या तंबूत छबू केसरच्या मांडीवर होती. गाणं सुरू झालं तशी मांडीवरून उतरून रांगत पडद्यापाशी गेली, ओल्या कापडाला दोन्ही हात लावून खदखदून हसली. आईनं तिला ओढून आणली तर रडून आकांत मांडला.

पडदा ओला असायचा, कारण त्या वेळी बाया पडद्याच्या मागं बसत. पुढं पुरुष, मागं बाया, मधे पांढरं कापड. कोरड्या कापडातून मागं चित्र अंधुक दिसायचं. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर बादलीभर पाणी मारायचे. मग मागूनही चित्र लख्ख दिसायचं, फक्त उलटं. पुरुषांना जी नटी उजव्या हातानं बोलावताना दिसायची, ती बायांना डाव्या हातानं बोलावताना दिसायची. खेड्यातल्या बायांनी सगळे पिक्चर असे उलटे पाहिलेत आणि कुणाचं काही अडलं नाही.

बंकट बादली घेऊन विहिरीवर आला तेव्हा केसरनं ती भरली नाही.

"प्यायला न्हाई आन् कापडाला पानी पाजू?"

"मावशी, बायांनाच दिसनार न्हाई. माझं काय जातंय?"

"नगं दिसू दे."

पण बायांनीच तोड काढली. काढली म्हणजे छबूनं काढली. आपापल्या वाट्याच्या पाण्यातला एकेक तांब्या प्रत्येकीनं न्यायचा आणि पडद्यावर मारायचा. केसर बघत राहिली. दिवसभर गाळाच्या पाट्या उचलून ओठ फुटलेल्या बाया, पदराखाली तांब्या झाकून, थेंब न सांडता तळ्यात उतरत होत्या, जशा देवाला पाणी घालायला निघाल्यात. तिलाही राहवलं नाही. तिनंही तांब्या नेला.

खेळ चांगला झाला. शेवटच्या गाण्याला सगळ्या बाया रडल्या. छबू रडली नाही. ती पुढं सरकत पडद्यापाशी जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी छबू म्हणाली, आता तांब्या नेऊ नका, पडदा ओलाच आहे.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वाचलेलं पाणी कुणाला नको होतं? तंबू मुक्कामाला राहिला आणि तोच पिक्चर रोज चालला. लोकही रोज जात. मग एका सकाळी विहिरीवर मनकर्णानं तोंड उघडलं. मनकर्णाची घागर त्या दिवशी शेवटची होती आणि पाणी गढूळ आलं होतं.

"केसरबाई, येक इच्यारू? राग नगं येऊ दिवू."

"इच्यार."

"तुजी बहीन रोज न्हाती कुठं?"

रांगेतल्या बाया आपापल्या घागरींकडे बघू लागल्या. त्यावरूनच केसरला कळलं की हे आजचं नव्हे. आपल्या माघारी बरंच बोलून झालंय.

"कोन न्हातंय गं? होळी आली तरी माझ्या डोक्याला पानी न्हाई."

"तुज्या न्हाई. तिच्या हाय. भर दुपारी तळ्याकडून येती ती येनी निथळत येती. मी बघितलंय, सरूबाईनं बघितलंय. आमच्या लेकरांच्या घशाला कोरड आन् किल्ली तुज्याच कमरेला. मानसानं काय समजायचं?"

केसरनं घागर भरून दिली. पण घरी येईस्तोवर तिला काही सुचलं नाही.

छबू चुलीपुढं बसली होती. रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी थापत होती, तोंडानं ते जलतरंग चाललं होतं. केसर तिच्या मागं उभी राहिली आणि वेणीला हात लावला. वेणी जड होती, गार होती. बोटांना वास लागला तो शेवाळाचा. त्या साली पाच कोसांत कुठं शेवाळ उरलं नव्हतं.

"छबे, ही कशानं भिजली?"

"घामानं."

"घामाला आसला वास येतो?"

छबू हसली. "आक्का, तू पोलिसात जा. हितं कशाला दोर वडतीस?"

त्या रात्री केसरनं जाळीचं कुलूप ओढून पाहिलं, घट्ट होतं. किल्ली उशाखाली घेतली आणि कुलपात सुताचा धागा अडकवून ठेवला. सकाळी धागा तसाच. दोर वाळका, पोहऱ्याचा तळ वाळका. पाणी विहिरीतलं नव्हतं. मग कुठलं? केसर साधीसुधी बाई होती, पण भोळी नव्हती. तिनं दुसरं टोक धरलं. बंकटजवळ जीप होती, जीपमध्ये पिंप होतं. शहरगावची पोरं, पाण्याचं पिंप देऊन बाईमाणसाला भुलवायला त्या साली सोनंनाणं लागत नव्हतं.

ती सरळ बंकटकडे गेली. तो जीपखाली निजून काही तरी पिळत होता.

"बंकट, पडद्याला पानी कुटून आनतोस?"

तो बाहेर आला, हात पुसले. वयानं लहानच होता आणि चेहरा उतरलेला. "मावशी, मी आनत न्हाई. पिंप बघा, त्यात ऱ्हाकेल हाय. त्यो पडदा वाळंनाच गेलाय. उन्हात टाकला तरी वाळंना. मी मालकाला सांगावा धाडलाय की माघारी येतो म्हनून."

"आन् माझी बहीन?"

"येतात त्या दुपारच्या. मागल्या अंगाला बसतात. मी तवा तंबूत जात न्हाई."

"कावून?"

बंकट जीपकडं वळला आणि पुन्हा खाली शिरला.

खोटं बोलणारा माणूस एवढं थोडं बोलत नाही, असं केसरला वाटलं. आणि तसं वाटल्याबरोबर तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पण आता तो कुणावर धरायचा हेच तिला कळेना.

संध्याकाळी सुंदरराव ओसरीवर आले. माणूस चांगला, उभ्याउभ्याच बोलले.

"केसरबाई, उद्या सोसायटीची मीटिंग बोलावलीय. लोक किल्ली काढून घ्या म्हणतात. किल्लीचं मला काही नाही. पण छबूचं नाव निघालं तर ते तिकडं उसाच्या फडावर जाणार. निवृत्ती तापट हाय. तो तिला घरात ठेवील का, ते तूच सांग."

"माझ्या बहिनीनं पानी चोरलं न्हाई, आप्पा."

"मग पाणी कुठलं ते सांग. उद्यापर्यंत."

छबू आत भांडी आवरत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. रात्री अंथरुणावर ती आपणहून बोलली.

"आक्का, ती मला तिकडून दिसती. तुमाला फकस्त गान्यापुरती दिसती."

"कोन?"

"पिक्चरातली रानी. आपल्याला वाटतं ती राजपुत्राला बलावती. पुढून बघनाऱ्याला तसंच दिसतं." छबू कुशीवर वळली. "ती मागं बघून बलावती. बायांच्या बाजूला."

"तापाची गरमी डोक्यात गेलीय तुझ्या."

"तिकडं लई पानी हाय, आक्का," छबू म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी छबू निघाली. केसर अंतर ठेवून मागून गेली. तळ्याच्या पाळीवर काम थांबलं होतं. माणसं बाभळींखाली पालथी पडली होती. कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. बंकट पाळीवर बसला होता, केसरला समोर दिसत होता. त्याच्याशेजारी मशीन पोत्यात गुंडाळून ठेवलेलं, भोंगा जीपवर आडवा.

आणि तंबूत गाणं चाललं होतं.

केसरनं बंकटकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

मागल्या अंगाला, बायांच्या वाटेनं जायला तिचा पाय धजेना. छबू तिकडूनच आत गेली होती. केसर पुढून शिरली, पुरुषांच्या बाजूनं. त्या बाजूला ती जन्मात कधी बसली नव्हती. आत उकडायला हवं होतं; गार होतं. शेवाळाचा वास होता. पडदा वरपासून खालपर्यंत ओला होता, त्यावरून पाणी ओघळत होतं, आणि पडद्याखालची माती कोरडी होती. भेगासुद्धा तशाच.

तंबूच्या भोकांतून मागून ऊन येत होतं. त्या उजेडात पडद्यावर छबूची सावली होती. उभी. वेणी पाठीवर.

जलतरंग थांबलं. नुसता सूर उरला.

छबूच्या सावलीनं हात पुढं केला होता. त्या हातात आणखी एक हात होता. त्या हाताचं माणूस पडद्यावर नव्हतं.

"छबे!"

"आक्का?" आवाज पडद्यामागून आला, नेहमीचा. "पुरुषांच्या बाजूनं कावून आलीस? मागून ये की."

"तू ये हिकडं."

"तिकडून वाट न्हाई, आक्का. मागून ये."

मागून जायचं म्हणजे बाहेर पडा, दोर ओलांडा, वळसा घाला. तेवढ्यात ती जाईल, एवढंच केसरला कळलं. कुठं जाईल ते तिनं मनात येऊ दिलं नाही.

ती पडद्याला भिडली. सावलीचा हात तिनं कापडासकट धरला. तो खरा होता. बर्फासारखा गार होता.

तिनं ओढला.

कापडाची खालची कड बांबूवरून सुटली आणि छबू कडेखालून तिच्या अंगावर आली. सूर तुटला. केसरनं तिला दोन्ही हातांनी आवळली, तोंडावरून हात फिरवला, डोक्यावरून फिरवला.

केस कोरडे होते. ठणठणीत कोरडे.

"चल," केसर म्हणाली. "मागं बघू नगं."

तंबूच्या तोंडाशी त्या आल्या, तेव्हा पडद्यामागून कुणी तरी म्हणालं, "आक्का."

हळूच, एकदाच. छबूचा हात केसरच्या हातात होता. केसर वळली नाही.

मीटिंगमध्ये केसरनं छबूला सगळ्यांपुढं उभी केली. वेणी सोडून मनकर्णाच्या हातात दिली. "बघ. किती पानी निघतंय ते बघ." मनकर्णानं केस चाचपले, नाकाशी नेले. म्हणाली, "आज न्हाईत वल्ले." सुंदरराव म्हणाले, आज नाहीत म्हणजे नाहीत, विषय संपला. किल्ली केसरकडेच राहिली. त्याच संध्याकाळी बंकटनं तंबू उतरवला. पडदा एका बाजूनं वाळून तडकला होता, पापडासारखा.

केसरला त्या रात्री शांत झोप लागली.

सकाळी दोघी दळायला बसल्या. लहानपणापासून एका खुंट्याला दोघींचे हात, त्यात शिकवण्यासारखं काय होतं? केसरनं जातं ओढलं आणि ते हललंच नाही. छबू ते उलट्या अंगाला ओढत होती.

"आगं, आशी काय वडतीस?"

"मी नेहमीसारखीच वडतीय," छबू म्हणाली. मग क्षणभर थांबून केसरच्या हाताकडे बघत राहिली, आणि केसरसारखं ओढू लागली.

भाकरी थापताना परातीत पीठ उलटं फिरत होतं. तांब्या डाव्या हातात होता. ताप येऊन गेला की माणसाच्या सवयी बदलतात, केसरनं मनाला सांगितलं. मग तिनं भाकरी उलटणारा तो हात पाहिला. लहानपणी तव्यानं पोळल्याचा डाग, ज्यावर केसरनंच कोरफड लावली होती, तो डाव्या मनगटावर होता. आता तो उजव्या मनगटावर होता. आकार तोच, फक्त शेपूट दुसरीकडं वळलेलं.

केसर हळूच पुढं सरकली. चुलीचा जाळ छबूच्या तोंडावर होता. नाकातली फुली उजव्या नाकपुडीत होती. डावी नाकपुडी, जिथं आईनं मांडीवर घेऊन बाभळीच्या काट्यानं टोचलं होतं आणि छबूनं घर डोक्यावर घेतलं होतं, ती गुळगुळीत होती. भोक बुजल्याची खूणसुद्धा नव्हती.

"काय बघतीस, आक्का?"

"काय न्हाई," केसर म्हणाली. "भाकर करपंल."

ती तळ्यात गेली. खुंट्यांची भोकं होती, विड्यांची थोटकं होती. पडदा होता त्या जागेच्या मागं ती उभी राहिली आणि दोनदा हाक मारली. भेगेला कान लावला. नंतर कामावरची माणसं यायला लागली, तशी उठून विहिरीवर गेली. घागरी उभ्या होत्या.

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली आणि दोघे भाऊ परत आले. छबूनं निवृत्तीला पाणी दिलं, डाव्या हातानं. तो हसला. "वहिनी, वळन बिघडवलं का हिचं? आन् फुली कवा बदलली? बरी दिसती पन." मग केसरकडे बघून म्हणाला, "जशी ठिवली तशी दिली तुमी. लई उपकार झाले."

केसरनं पदर तोंडाशी धरला आणि आत गेली.

छबूचा संसार नीट झाला. ती कधी भांडली नाही, कुणाचं वाईट केलं नाही. फक्त ते गाणं रेडिओवर लागलं की उठून बंद करायची. आणि डोक्यावरून न्हाली तरी पाणी तिच्या केसांत ठरायचं नाही, अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून जायचं.

पुढल्या साली तळं भरलं. बाया धुणी घेऊन पाळीवर गेल्या. केसर जाणार नव्हती, पण छबूनं तिचं लुगडं ओढून धुण्याच्या मोटेत बांधलं. दोघी एका दगडाशी बसल्या. पाणी काठोकाठ, खालची भेग न् भेग झाकलेली. केसरनं धुणं बुडवायला खाली पाहिलं.

पाण्यात सगळ्यांचं उलटंच दिसतं. केसरची स्वतःची डाव्या नाकपुडीतली फुली पाण्यातल्या केसरच्या उजव्या नाकपुडीत होती. पाण्यातल्या छबूची तेवढी डाव्या नाकपुडीत होती, आईनं टोचली तिथंच.

काठावरची छबू मान खाली घालून धुणं आपटत होती. पाण्यातली वर बघत होती, केसरकडे. तिच्या खांद्यावरून वेणी पुढं आली होती आणि ती ओली होती.

धुण्याच्या लाटा येत होत्या. केसरचं तोंड पाण्यात मोडत होतं, जुळत होतं, पुन्हा मोडत होतं. पाण्यातल्या छबूचं मोडत नव्हतं.